कोलवाळच्या पुलाअलीकडचा कान

पेडण्यात वाढलेल्या माणसाने गाण्यावर लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. त्याचा कान कोलवाळच्या पुलाअलीकडचा असतो. पुलाखाली शापोरा नदी. पलीकडे बारदेश, मग तिसवाडी, खाली सासष्टी. या जुन्या काबिजादी. तिथे चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत, हातात व्हायोलिन देत. अलीकडे पेडणे आणि आतल्या अंगाला डिचोली, सत्तरी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती लागलेल्या या नव्या काबिजादी. इथे देऊळ, जत्रा, दशावतार आणि पहाटेपर्यंत चालणारं संगीत नाटक. इथल्या गाणाऱ्यासमोर कागद नसे. समोर माणसं बसलेली असत, आणि ती उठून जाऊ नयेत एवढीच परीक्षा.

पणजीत राहून आता बरीच वर्षं झाली, पण कान काही नदी ओलांडून आलेला नाही. गेल्या पावसाळ्यात मी एक उद्योग केला. जग ज्यांना अभिजात म्हणतं असे अल्बम जमवायचे आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न उठता ऐकायचे. प्रकार कुठलाही चालेल. अट एकच, उठायचं नाही. सांतिनेजच्या खोलीत, बाहेर धो धो पाऊस, फोन दुसऱ्या खोलीत. थोड्याच दिवसांत ध्यानात आलं की मी अल्बमांना मार्क देतोय ते आमच्या जत्रेतल्या हिशोबानेच: यानं बैठक धरली का?

सुरुवात घरच्या गाण्यापासून केली. किशोरी आमोणकरांची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली एलपी. ही तबकडी आमच्या थोरल्या काकांकडे होती आणि बागेश्रीच्या बाजूला एक चरा गेलेला होता, त्यामुळे लहानपणी मला बागेश्री हा अडखळणारा राग वाटायचा. किशोरीताईंची तालीम आई मोगूबाईंकडे झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या, ही गोष्ट मात्र आम्ही पेडणेकर जरा छाती काढून सांगतो, कारण मालपें आमच्या तालुक्यातलं. ते असो. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात. मैफिलीत तास-दीड तास चालणारा भूप तेवढ्यात बसवायचा म्हणजे बरंच काही गाळावं लागतं. नवल हे की गाळलेलं कुठे जाणवत नाही. विलंबितातली स्वरांची ती सावकाश वाढ, मग द्रुत बंदिश, आणि सुई उचलली जाते तेव्हा काहीतरी पुरं झालेलं असतं. तबकडीची मर्यादा हीच इथे रचना झाली आहे. आज त्याच गाण्याची लांबलचक मैफिलीतली मुद्रणं सहज मिळतात. मी ती ऐकतो, आणि परत एलपीकडे येतो.

भूपानंतर दुसऱ्याच दिवशी माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' लावला. मार्च आणि एप्रिल 1959 मध्ये न्यूयॉर्कला दोनच दिवस बसून केलेलं हे मुद्रण. ट्रंपेट, दोन सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम. जॅझ म्हणजे दर दोन मात्रांना पायाखालची जमीन सरकणार, या भीतीने मी बसलो होतो. इथे जमीन स्थिर. पहिल्या 'सो व्हॉट' मध्ये जे सप्तक आहे ते आपल्या काफी थाटाचंच. सोळा मात्रागट त्या थाटात, मग अख्खा थाट अर्धा स्वर वर सरकतो, आठ गट तिथे, आणि पुन्हा खाली. आमच्या गवयाने मैफिलीत असा षड्ज हलवला असता तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या उचलल्या असत्या. इथे तो हलतो आणि मला राग येत नाही, उलट दिवा सरकवून कोणीतरी खोलीचा दुसरा कोपरा दाखवावा तसं होतं. या तबकडीची एक गंमत नंतर कळली. पहिल्या दिवशीचं एक टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं, म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना वाजताना थोड्या चढ्या सुरात वाजत. ही चूक 1992 साली सुधारली. म्हणजे तीस वर्षं जगाने ज्याच्यावर जीव टाकला तो सूर मुळातला नव्हताच! आमच्या काकांचा फोनोही असाच थोडा पळायचा. मला आजही कुठल्याही गवयाची काळी दोन ऐकली की ती जरा उतरलेली वाटते.

आता पाखंड. 'कॉल ऑफ द व्हॅली', 1967: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. एचएमव्हीत ही तबकडी घडवण्यात आपले भावगीतगायक जी. एन. जोशी यांचा हात होता, आणि तिने परदेशातल्या कितीतरी लोकांना आपल्या संगीताचं दार उघडून दिलं, यात शंका नाही. पण बैठक? चाळीस मिनिटांत एवढे राग म्हणजे पाहुण्याला घर दाखवताना प्रत्येक खोलीचा दिवा लावून लगेच मालवणं. अहिरभैरवाने नुकतं मांडीला मांडी लावलेली असते आणि तो उठतो. सुंदर आहे, फार सुंदर आहे; मी तिला कलाकृतीपेक्षा प्रस्तावना म्हणेन. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' त्याच वर्षीचा, आणि त्याच कारणाने माझ्या हातून निसटला. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' मात्र हृदयाच्या ठोक्यांवर सुरू होऊन ठोक्यांवरच संपतो, आणि मधला माणूस जागेवरून हलत नाही.

पुलापलीकडच्या गाण्याकडे यायला मला उशीर झाला. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती घरी नव्हे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, चोरीसांच्या माळा टांगलेल्या एका दुकानात. भाषा माझ्या आईचीच, पण तिने घातलेले कपडे वेगळे. ही मुळात अल्बमची गाणी नव्हेत. छोट्या तबकड्यांवर सुटी सुटी आलेली, नंतर एकत्र बांधलेली. तरीही सलग ऐकताना बैठक मोडत नाही, आणि त्याचं कारण लोर्नाचा आवाज. मायक्रोफोनला गोंजारणारा तो आवाज नाही. तियात्राच्या मांडवात शेवटच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जावं असा फेकलेला. मागे पेरींचे ट्रंपेट, सॅक्सोफोन कडक इस्त्री केलेल्या कोटासारखे. तिच्या स्वरात थट्टा आणि दुखणं इतकी जवळजवळ असतात की 'बेबदो' मधल्या दारुड्यावर हसावं की नको ते मला दरवेळी ठरवता येत नाही.

इथेच माझा सिद्धांत जरा लंगडला. पुलापलीकडचं संगीत मी उशिरा ऐकलं असं मी म्हणतो, ते खोटं आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, हळदोण्याचे चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही सगळी माणसं मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत होती. कोणी वाद्यमेळ लिहीत होतं, कोणी वाजवत होतं. दोन कडव्यांमध्ये व्हायोलिनांची जी लाट येते, ती बहुधा अशाच कुणा गोंयकाराच्या हाताने कागदावर उतरलेली. म्हणजे जत्रेत नाटक सुरू व्हायच्या आधी कर्ण्यावर लताबाई लागायच्या, तेव्हा पुलापलीकडचं गाणं आमच्या मळ्यावरून वाऱ्याबरोबर येतच होतं. तबकडीवर संगीतकाराचं नाव असे, या मंडळींचं बहुतेक वेळा नसे, एवढंच. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' मधलं ते गाणं आपल्या गुरूच्या नावाचं केलं ते प्यारेलालनी. गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना तो खरा माणूस माहीत होता?

पुलापलीकडच्याच शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने 1984 साली 'गोवन क्रेझी' घरच्या घरी मुद्रित केला, वाद्यं बहुतेक स्वतःच वाजवली, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. त्यातली इंग्रजी गाणी आज थोडी पोरकट वाटतात. धाडस मुळीच पोरकट वाटत नाही.

कॅसेटचा विषय निघाला म्हणून डिचोलीला जायला हवं. अजित कडकडे तिकडचे, अभिषेकीबुवांच्या तालमीतले. नंदू होनप यांची चाल, प्रवीण दवणे यांचे शब्द आणि कडकड्यांचा आवाज अशी दत्ताची पालखी साखळी-डिचोलीच्या दर गुरुवारात इतकी मुरली आहे की तिच्यावर टीका करणं म्हणजे प्रसादाला नावं ठेवणं. तरी ठेवतो. साथीतला कीबोर्ड मला खुपतो, कोरस मला खुपतो. पण आवाज लागतो तेव्हा नाट्यपदाची सारी शिस्त त्या साध्या चालीत उतरते, आणि साखळीच्या दत्तवाडीत संध्याकाळी ती ऐकताना कीबोर्डविषयीचं माझं मत घाटमाथ्यावर निघून जातं. समीक्षकाचं काम ऐकण्याच्या जागेपासून तोडता येत नाही. समुद्रकाठच्या शॅकमध्ये बॉब मार्लीचा 'लेजंड' ऐकून ऐकून मी त्याला वाळूवरचं थंड गाणं समजत आलो होतो. खोलीत बसून शब्दांसकट ऐकला तेव्हा त्यातला संताप कळला आणि लाज वाटली.

हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर रात्रभर जे वाजतं त्याविषयीही न्यायाने बोलायला हवं, कारण पेडण्याचं आजचं सर्वांत मोठं संगीत तेच आहे, कानाला आवडो न आवडो. ट्रान्स बैठक धरतो. तासन्‌तास एका जागी ठेवतो, एका लयीत. मला त्यात उणीव वाटते ती समेची. आवर्तन भरतं, भरतच राहतं, आणि ज्या क्षणी मान हलायला हवी त्या क्षणी पुढचं आवर्तन सुरू झालेलं असतं. कदाचित तीच त्यांची सम असेल. माझी मान त्या वळणाची नाही.

अल्बमच्या कलेची आजची अवस्था विचाराल तर तिच्यातलं बाजू उलटणं हरवलं आहे. तबकडी उलटायला उठावं लागे, त्या अर्ध्या मिनिटात ऐकलेलं आत बसे. कॅसेटमध्येही खटका होता. फोनमध्ये बाजूच नाहीत. वर क्रम उलटापालटा करण्याचं बटण. त्याने 'कॉल ऑफ द व्हॅली' मधल्या मेंढपाळाची पहाट संध्याकाळनंतर होते. 2021 साली अॅडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं ते आपोआप लागणारं बटण काढलं, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली. मराठीत क्रमाने ऐकावा असा अल्बम म्हणून मला अजूनही मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' आठवतो: आधी कविता बोलली जाते, मग गाणं भिजत येतं. त्यानंतर चांगली गाणी पुष्कळ आली, अल्बम फार थोडे.

शेवटी ठेवला होता तो सगळ्यांत विचित्र अल्बम. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी; सत्तावीस रचना, सुमारे दीड तास. बाख, चक बेरी, लुई आर्मस्ट्राँग, जावाचा गामेलान, आणि पंचविसाव्या जागी फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकर, भैरवी, साडेतीन मिनिटं. त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी हे घडलं. दुसरं यान 5 सप्टेंबरला उडालं आणि 16 तारखेला त्या गेल्या. हाच संच 2017 मध्ये एलपीवर निघाला. मी तो आईला ऐकवायला पेडण्याला घेऊन गेलो. भैरवीच्या आधी चिन या चिनी वाद्याचे तुटक, विचारी स्वर होते. मग केसरबाई, आलापाचा फार पसारा न मांडता सरळ गाण्यात उतरलेल्या. एवढ्याशा वेळात त्या पूर्ण बैठक मांडून पुन्हा उठतात, हे मी कितीदा ऐकलं तरी मला उलगडत नाही. आई डोळे मिटून होती. तिने फक्त "केरयेची" एवढंच म्हटलं.

त्यानंतर लगेच आंधळा विली जॉन्सन लागतो. 1927 चं मुद्रण. गिटारीवर काहीतरी घासल्यासारखा आवाज आणि नुसतं गुणगुणणं, कण्हणं. मी उठून थांबवणार होतो, तिला झेपणार नाही म्हणून. तिने हाताने थांबवलं. संपेपर्यंत ऐकलं.

"हो खंयचो रे?"

"टेक्सासचा."

"बरो म्हणटा," ती म्हणाली. "पूण शब्द खंय?"