मुदतवाढ आणि कला अकादमी

पणजीच्या कांपाल भागात मांडवीच्या काठी असलेली कला अकादमीची वास्तू २०२१ साली नूतनीकरणासाठी बंद झाली आणि १० नोव्हेंबर २०२३ रोजी पुन्हा उघडली. मधल्या काळात काम पुरे होण्याच्या तारखा इतक्या वेळा पुढे सरकल्या की गोव्यातील रसिकांनी त्यांचा हिशेब ठेवणेच सोडून दिले. या मुदतवाढींवर पुष्कळ टीका झाली. तिच्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. उलट, जुन्या वास्तूने अधिक वेळ मागितला तर तो द्यावा, असेच मी म्हणेन. आक्षेप आहे तो तो वेळ कोणाच्या सोयीने मोजला गेला, याला.

ही वास्तू सामान्य नाही. सिकंदराबादेत जन्मलेले, मूळचे गोमंतकीय असलेले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिचा आराखडा केला. रस्त्याकडून येणारा माणूस विस्तीर्ण छताखालून सरळ नदीपर्यंत चालत जाऊ शकतो. नाटकाचे तिकीट काढलेला प्रेक्षक आणि सहज फेरफटका मारायला आलेला पणजीकर यांना ही इमारत वेगळे ओळखत नाही. आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी सज्ज्यांत बसलेले प्रेक्षक रंगविले. प्रयोगाला चार माणसे आली तरी नटाला प्रेक्षागृह अगदीच ओस वाटू नये, अशी ही गमतीदार सोय! अशा वास्तूत छताची गळती काढणे आणि ध्वनियोजना बदलणे ही दोन्ही कामे एकाच मापाने मोजता येत नाहीत. गळती थांबली की नाही हे एका पावसाळ्यात कळते. स्वर शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो, हे कान जाणणाऱ्या माणसाने बसून ऐकावे लागते.

हे सुमारे ४० कोटींचे काम निविदा न मागविता देण्यात आले. त्यावर विधानसभेत प्रश्न आला, तेव्हा तत्कालीन कला व संस्कृती मंत्री गोविंद गावडे यांनी २०२२ मध्ये ताजमहालाचा दाखला दिला: शाहजहानने तरी कोठे दरपत्रके मागविली होती? उत्तर चटकदार होते, परंतु शाहजहानला विधानसभेपुढे हिशेब द्यायचा नव्हता. निविदेची वाट वगळल्याने वेळ वाचतो, असा अशा निर्णयांमागचा नेहमीचा युक्तिवाद असतो. येथे वेळही वाचला नाही आणि खर्चही पन्नास कोटींच्या पलीकडे गेला.

१७ जुलै २०२३ च्या पहाटे खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. तेथे कोणी नव्हते म्हणून जीवितहानी टळली. वास्तविक या घटनेनंतर काम थांबवून नव्याने तपासणी करण्यासाठी आणखी वर्षभराची मुदत मागितली असती, तर कोणत्याही सुजाण माणसाने ती नाकारली नसती. जी एक मुदतवाढ खरोखर न्याय्य ठरली असती, ती मात्र घेतली गेली नाही. चार महिने पुरे होण्याच्या आतच उद्घाटन झाले. त्यानंतर दहा दिवसांनी पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होणार होता. दोन तारखांचा हा शेजार बोलका आहे.

आपल्या सार्वजनिक खर्चाला ३१ मार्चचे कुंपण असते. वर्ष संपता न खर्चलेली रक्कम परत जाते, म्हणून अखेरच्या महिन्यात घाई होते. केंद्राच्या वित्तीय नियमांनीही ही घाई आर्थिक औचित्याचा भंग मानली आहे. जीर्णोद्धाराच्या कामात निधी पुढील वर्षी वापरण्याची मुभा हवीच. परंतु ती देताना काय उघडकीस आले, कोणते काम राहिले आणि ते का राहिले, हे रसिकांना वाचता येईल अशा भाषेत प्रसिद्ध व्हायला हवे. आपल्यापर्यंत पोचते ती फक्त नवी तारीख.

आणि या काळात कलावंतांचे जे गेले त्याचा रकाना कोणत्याही कागदावर नाही. फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर आहे, मडगावचे रवींद्र भवन आहे, हे खरे. पण तिसवाडीतील हौशी नाट्यमंडळीला तालीम आटोपून रात्री घरी परतायचे असते, सकाळी नोकरीवर जायचे असते. अठराव्या वर्षी रंगमंचावर पाऊल ठेवू पाहणारी मुलगी दुरुस्ती संपेपर्यंत एकविसाची होते. कंत्राटदाराला मुदत वाढवून मिळते, तिला मिळत नाही.

पुन्हा उघडल्यावर प्रकाश, ध्वनी आणि गळतीच्या तक्रारी आल्या. त्या कलावंतांनीच केल्या, कारण दोष प्रयोग करताना दिसतात, फीत कापताना नव्हे. अखेर २०२५ मध्ये सरकारला दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमावे लागले. रंगमंचावर आयुष्य घालविलेल्या माणसाला वास्तूत बोलावून काय चुकले ते विचारण्याचे काम तेव्हा झाले. त्यासाठी २०२१ साली एक महिना काढला असता, तर त्या महिन्याला कोणी विलंब म्हटले नसते.