‘पूर्ण मालक’ आणि तिचे वारस

हिंदू वारसा कायदा, १९५६ यातील कलम १४ आणि कलम १५ छापील पानावर एकाखाली एक येतात. मी वकील नाही. वाचनाच्या सवयीने ही दोन कलमे एका मजकुराचे दोन परिच्छेद म्हणून वाचतो. तशी वाचली की पहिल्याने दिलेला शब्द दुसऱ्याने मोडलेला दिसतो.

कलम १४ ने स्त्रीला तिच्या मालमत्तेची ‘पूर्ण मालक’ केले. त्यामागे मोठा इतिहास आहे. आप्तांनी प्रेमाने दिलेल्या ‘सौदायिक’ धनावर स्त्रीची सत्ता जुने धर्मशास्त्र मान्य करते. पण तिने स्वतः कलाकौशल्याने मिळवलेल्या कमाईवर कात्यायनाच्या मते नवऱ्याचे स्वामित्व. म्हणजे भेट तिची, पण कष्ट त्याचे! १९५६ ने हा भेद संपवला. पुढे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की लग्न झाले म्हणून स्त्रीधन नवरा-बायकोचे सामाईक होत नाही.

इथवर स्वतंत्र मालकी निर्विवाद आहे. ती डळमळते मृत्यूनंतर. विवाहित स्त्री मृत्युपत्राविना गेली, तर कलम १५ प्रमाणे आधी मुले व नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस आणि त्यानंतर तिचे आईवडील. पुरुषाच्या वारसांच्या यादीत मात्र बायकोच्या माहेरचे कोणीच नाही.

या कलमाला दोन अपवाद आहेत. मूलबाळ नसलेल्या स्त्रीला आईवडिलांकडून वारशाने आलेले धन वडिलांच्या वारसांकडे जाते. नवरा किंवा सासऱ्याकडून आलेले, नवऱ्याच्या वारसांकडे. कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेपुढे बाईकडे पैसा येण्याच्या दोनच वाटा होत्या: माहेर आणि सासर. तिचा स्वतःचा पगार ही तिसरी वाट अपवादांत नाहीच. कात्यायनाने तिचे कष्ट नवऱ्याच्या नावे लिहिले. या कलमाने ते त्याच्या नातलगांच्या नावे लिहिले.

याचे फळ २००९ च्या एका निकालात दिसते. लग्नानंतर तीन महिन्यांत एक बाई विधवा झाली. सासरने तिला घराबाहेर काढले. आईवडिलांनी शिकवले, तिने नोकरी केली आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता ती गेली. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालाला दोष देण्यात अर्थ नाही. मजकूरच तसा आहे. विधी आयोगाने २००८ मध्येच आपल्या २०७ व्या अहवालात स्वकष्टार्जित मालमत्तेसाठी कलम १५ मध्ये दुरुस्ती सुचवली होती.

यावर नेहमीचे उत्तर असते: बाईने मृत्युपत्र करावे. जरूर करावे, कलम ३० तो अधिकार देते. पण आपली कमाई सासुरवाडीच्या नातलगांकडे जाऊ नये, यासाठी पुरुषाला मृत्युपत्र करावे लागत नाही. त्याचे धन विधवेकडे आले, तरी तिला मूल नसेल तर ते तिच्यामागे पुन्हा त्याच्याच वारसांकडे जाते. जी मालकी टिकवायला एकालाच कागद करावा लागतो, तिला ‘पूर्ण’ म्हणायला मी तयार नाही.