'अ डॉल्स हाउस'मधील हिशेब : विवाहोत्तर कराराच्या दृष्टीने एक पुनर्वाचन

प्रस्तावना :

हेन्रिक इब्सेन (१८२८–१९०६) यांचे 'अ डॉल्स हाउस' हे नाटक डिसेंबर १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. मराठी रंगभूमीला हे नाटक अपरिचित नाही. अनंत काणेकरांनी 'घरकुल' या नावाने त्याचे रूपांतर केले. १९४२ साली रंगभूमीवर आलेल्या मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'ची चर्चाही इब्सेनच्या प्रभावाचा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही. आपल्या महाविद्यालयांतून हे नाटक अनेक वर्षे शिकविले जाते आणि बहुतेक वेळा ते अखेरच्या दाराच्या आवाजापासून शिकविले जाते. नोरा घर सोडते, ही स्त्रीच्या व्यक्तित्वजागृतीची घटना आहे, असे सांगून विवेचन तेथेच थांबते.

हे विवेचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. नोरा घर का सोडते या प्रश्नाइतकाच, त्या घरात आठ वर्षे पैशाविषयी एकही सरळ बोलणे का होऊ शकले नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने नाटकाचे वाचन केले आहे. त्यासाठी 'विवाहोत्तर करार' ही कायद्यातील संकल्पना साधन म्हणून वापरली आहे. नाटकातील पात्रांना ही संकल्पना उपलब्ध नव्हती, याची जाणीव ठेवूनच हा प्रयत्न केला आहे. किंबहुना ती उपलब्ध नसणे हाच नाटकातील पेचाचा एक भाग आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

विवाहोत्तर करार : संकल्पना व स्वरूप

विवाह झाल्यानंतर, सहजीवन चालू असताना, पती-पत्नींनी आपली मिळकत, कर्जे, घरखर्चाची वाटणी, वारशाने आलेली संपत्ती आणि विभक्त होण्याची वेळ आल्यास करावयाची व्यवस्था यांसंबंधी लेखी केलेला समझोता म्हणजे विवाहोत्तर करार होय. विवाहपूर्व करार अंदाजावर आधारलेला असतो. विवाहोत्तर कराराच्या वेळी मात्र दोघांनाही एकमेकांचे उत्पन्न, सवयी, जबाबदाऱ्या आणि मुलाबाळांच्या गरजा प्रत्यक्ष ठाऊक झालेल्या असतात. आर्थिक नियोजनाच्या दृष्टीने त्याचे खरे मूल्य येथे आहे. कोणाच्या नावावर कोणते कर्ज आहे आणि ते कोणी फेडावयाचे, एकाने नोकरी सोडून घर सांभाळल्यास त्याची भरपाई कशी व्हावी, एकाचा धंदा बुडाल्यास दुसऱ्याची पुंजी कशी सुरक्षित राहावी, हे प्रश्न त्यामुळे वेळीच मांडले जातात.

अशा कराराला मान्यता देताना न्यायालये काही अटी पाहतात. प्रिव्ही कौन्सिलने २००८ साली 'मॅक्लाउड विरुद्ध मॅक्लाउड' या आइल ऑफ मॅनमधील खटल्यात विवाहोत्तर करार वैध असू शकतो, असे मानले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली 'रॅडमाकर विरुद्ध ग्रानातिनो' या खटल्यात त्यापुढे जाऊन सांगितले की, दोघांनी स्वेच्छेने व परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून केलेला करार, तो त्या परिस्थितीत अन्यायकारक ठरत नसेल तर, न्यायालयाने अंमलात आणावा. यावरून तीन निकष हाती येतात : व्यवहारांची उघड माहिती, दोन्ही पक्षांचे स्वातंत्र्य आणि अटींचा न्याय्यपणा. याच तीन निकषांवर नाटकातील व्यवहार तपासून पाहता येतात.

नाटकातील कर्जव्यवहार :

नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात पैसे मोजले जातात. हेल्मर नोराच्या हातावर एकेक नोट ठेवतो आणि ती दहा, वीस, तीस, चाळीस असे मोजते. नाताळची भेट म्हणूनही ती पैसेच मागते. हेल्मरला यात तिचा उधळेपणा दिसतो. प्रेक्षकाला थोड्याच वेळात कळते की, हा उधळेपणा हे सोंग आहे. पतीच्या आजारपणात त्याला इटलीत नेण्यासाठी नोराने क्रोगस्टाडकडून बाराशे स्पेसीडालर, म्हणजे चार हजार आठशे क्रोनर, कर्ज घेतलेले आहे. रकमेचा हा दुहेरी उल्लेख अर्थपूर्ण आहे. नॉर्वेने १८७० च्या दशकात क्रोनर हे नवे चलन स्वीकारले. नोराचे कर्ज जुन्या चलनातले आहे आणि देशाचे चलन बदलले तरी ते फिटलेले नाही.

हे कर्ज तिने लपवून का घेतले? नाटकातील उत्तर स्पष्ट आहे. तिने आधी पतीलाच कर्ज काढण्याविषयी सुचवून पाहिले होते. तो रागावला आणि पत्नीचे असले हट्ट न पुरविणे हे पतीचे कर्तव्यच आहे, असे त्याने तिला ऐकविले. या दांपत्यामधील आर्थिक संवादाचा पहिला प्रयत्न तेथेच संपला. दुसरा मार्ग कायद्याने बंद होता. पतीच्या संमतीवाचून पत्नीला कर्ज घेता येत नाही, याची आठवण श्रीमती लिंडे करून देते. १८६३ च्या कायद्याने नॉर्वेतील अविवाहित प्रौढ स्त्रीला आर्थिक व्यवहारांत पुरुषाप्रमाणे सज्ञान मानले होते. विवाह होताच मात्र ती पुन्हा पतीच्या पालकत्वाखाली जाई. म्हणून क्रोगस्टाडला नोराच्या वडिलांची हमी हवी होती. म्हणूनच नोराने त्यांची सही स्वतः केली आणि २९ सप्टेंबरला वारलेल्या माणसाच्या सहीखाली २ ऑक्टोबर ही तारीख पडली.

पुढील काळात ती कपड्यांसाठी मिळणाऱ्या पैशांतून निम्मे वाचविते आणि रात्री दार लावून नकला करण्याचे काम करते. हे काम करताना आपण जणू पुरुषच आहोत असे तिला वाटते. तथापि, किती फेडले आणि किती राहिले, याचा तिला नेमका अंदाज नाही. समीक्षकांनी या तपशिलाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. हिशेब लपवावा लागला म्हणून तो नीट ठेवताच आला नाही. गुप्ततेची किंमत केवळ मानसिक नसते. ती व्याजाच्या रूपानेही मोजावी लागते.

तिसऱ्या अंकातील तीन करार :

तिसऱ्या अंकाची रचना बारकाईने पाहिली असता तेथे एकामागोमाग तीन 'करार' होताना दिसतात.

पहिला करार श्रीमती लिंडे व क्रोगस्टाड यांचा. दोघेही आयुष्यात होरपळलेले आहेत. पैशांच्या अडचणीपायी तिने एकेकाळी त्याला नाकारून श्रीमंत वर पत्करला आणि तो नवरा मागे काहीही न ठेवता वारला. क्रोगस्टाडची समाजातील पत गेलेली आहे. ती त्याच्यापुढे सरळ प्रस्ताव मांडते. त्याचा भूतकाळ तिला माहीत आहे, तिची गरज त्याला माहीत आहे, दोघांपैकी कोणीही दुसऱ्यावर अवलंबून नाही. आपले तीनही निकष येथे पूर्ण होतात. विशेष म्हणजे क्रोगस्टाड पत्र परत मागावयास तयार असताना तीच त्याला थांबविते. हेल्मर पती-पत्नींमधील लपवाछपवी आता संपली पाहिजे, असे तिचे मत आहे. माहिती उघड झाल्याशिवाय समझोता नाही, हे तत्त्व नाटकात प्रथम तिच्या तोंडून येते.

दुसरा करार हेल्मरचा, आणि तो एकतर्फी आहे. पत्र वाचताच तो अटी जाहीर करतो. नोराने घरात राहावे, मुलांचे संगोपन तिच्याकडे असणार नाही, बाहेर मात्र सर्व पूर्ववत भासले पाहिजे. ही विवाहोत्तर कराराचीच भाषा आहे, परंतु तीत दुसऱ्या पक्षाला स्थान नाही. कर्जरोखा परत येताच तो या अटी मागे घेऊन क्षमा जाहीर करतो. अट घालणे आणि अट उठविणे, दोन्ही एकाच हातात आहे. त्यामुळे त्याची क्षमा त्याच्या शिक्षेइतकीच एकतर्फी ठरते.

तिसरा करार नोराचा. ती हेल्मरला टेबलाशी समोर बसविते. आठ वर्षांत आपण कधी गंभीरपणे बोललोच नाही, याकडे ती त्याचे लक्ष वेधते. या बोलण्यासाठी तिने वापरलेला मूळ नॉर्वेजियन शब्द 'हिशेब मिटविणे' या अर्थाचा आहे. त्यानंतर ती कलमवार बोलते. पत्नीने घर सोडल्यावर पती कायद्याने तिच्याविषयीच्या जबाबदारीतून मोकळा होतो असे आपण ऐकले आहे, आणि तसे नसले तरी आपण त्याला मोकळे करीत आहोत, असे ती सांगते. अंगठ्या परत केल्या-घेतल्या जातात. किल्ल्या ठेवल्या जातात. माहेरून आणलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशी श्रीमती लिंडे बांधून नेणार. गरज पडली तरी परक्याकडून मदत घ्यावयाची नाही, असे ती म्हणते.

हा प्रसंग भावनिक उद्रेकाचा नसून हिशेबाचा आहे. तथापि, यातील शोकही हिशेबातच आहे. नोरा सर्व काही सोडून देते. कपड्यांतून वाचविलेला पैसा, रात्रीची नकलांची कमाई, पतीचा वाचविलेला जीव, यांपैकी कशाचीही नोंद तिच्या बाजूला होत नाही. तिच्यापुढे दोनच पर्याय आहेत : सर्व पत्करणे किंवा सर्व टाकणे. मधला मार्ग देणारी तरतूद तिच्या काळच्या कायद्यात तिला उपलब्ध नव्हती. दार वाजते ते या मधल्या मार्गाच्या अभावामुळेही वाजते.

समीक्षेची दिशा :

मायकेल मेयर यांनी हे नाटक स्त्री-हक्कांविषयी नसून प्रत्येक व्यक्तीने स्वतःला शोधण्याविषयी आहे, अशी भूमिका मांडली. १८९८ साली नॉर्वेच्या स्त्री-हक्क संघटनेपुढील भाषणात इब्सेन यांनीही आपण जाणीवपूर्वक त्या चळवळीसाठी लिहिले नाही, असे म्हटले होते. उलट जोन टेम्पलटन यांनी १९८९ मधील निबंधात अशा सार्वत्रिकीकरणावर कठोर टीका केली. या वादात एक गोष्ट पुरावा म्हणून ठेवता येते. १८८४ साली विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळावा या मागणीच्या अर्जावर ब्यर्नसन, ली व किएलँड यांच्यासह इब्सेन यांनी सही केली होती. १८८८ मध्ये नॉर्वेत विवाहित स्त्रीला सज्ञान मानून स्वतःच्या कमाईवर अधिकार देणारा कायदा झाला. व्यक्तित्वाचा शोध आणि मालमत्तेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे लेखकाने मानले नव्हते, हे यावरून म्हणता येईल.

जर्मन रंगभूमीसाठी इब्सेन यांना १८८० साली नाइलाजाने लिहावा लागलेला पर्यायी शेवटही येथे उद्बोधक ठरतो. त्यात मुलांच्या खोलीच्या दाराशी नोरा कोसळते आणि घरातच राहते. हा शेवट फसवा वाटतो, कारण त्यात हिशेब मिटतच नाही. हेल्मरच्या अटीही संपत नाहीत आणि नोराच्या अटीही मान्य होत नाहीत.

आजचा संदर्भ :

नॉर्वेमध्ये १९९१ च्या विवाह कायद्यानुसार 'एक्तेपाक्त' हा विवाहकरार विवाहापूर्वी किंवा विवाहानंतर केव्हाही करता येतो. तो लेखी असावा लागतो, साक्षीदार लागतात आणि सावकारांविरुद्ध तो परिणामकारक होण्यासाठी त्याची नोंदणी करावी लागते. नोराच्या देशात आज असा करार करणे ही सामान्य बाब आहे.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार मालमत्तेविषयीचा करार विवाहापूर्वीच करावा लागतो. तो न केल्यास सामाईक मालमत्तेची पद्धत लागू होते आणि विवाहानंतर ती बदलता येत नाही. अन्यत्र विवाहोत्तर करारासाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल असतो आणि पोटगीचा हक्क सोडून देणाऱ्या करारांना न्यायालयांनी या आधारे नकार दिलेला आहे. ही सावधगिरी योग्यच आहे, कारण दुर्बल पक्षाकडून सही घेणे कठीण नसते. परंतु तिचा दुसरा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रकरणी दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र सादर करावे, असे निर्देश दिले. म्हणजे पती-पत्नींनी एकमेकांपुढे संपूर्ण हिशेब मांडण्याची सक्ती आपल्याकडे भांडण न्यायालयात पोहोचल्यावर होते. हेल्मर दांपत्याप्रमाणेच आपणही टेबलाशी बसतो ते उठून जाण्याच्या वेळी.

निष्कर्ष :

१) 'अ डॉल्स हाउस' हे व्यक्तित्वजागृतीचे नाटक आहे, तसेच ते न होऊ शकलेल्या आर्थिक संवादाचेही नाटक आहे. या दोन बाजू वेगळ्या करता येत नाहीत.

२) तिसऱ्या अंकातील तीन समझोत्यांपैकी केवळ श्रीमती लिंडे व क्रोगस्टाड यांचा समझोता माहिती, स्वातंत्र्य व न्याय्यपणा या निकषांवर टिकतो. हे उपकथानक दुय्यम नसून मुख्य कथेचे प्रतिमान आहे.

३) विवाहोत्तर करार दांपत्याला आर्थिक नियोजनाची शिस्त लावू शकतो, परंतु समानता नसेल तर तो हेल्मरच्या अटींचेच नोंदणीकृत रूप ठरेल. हेल्मरने तयार केलेल्या कागदावर पहिल्या अंकातील नोराने आनंदाने सही केली असती, हे विसरता येत नाही.

४) म्हणून कराराचा कागद महत्त्वाचा असला, तरी त्याआधीचे बोलणे अधिक महत्त्वाचे आहे. घरातील कर्ज किती, ते कोणाच्या नावावर आणि पत्रपेटीची किल्ली कोणाकडे, हे प्रश्न सहजीवन चालू असतानाच विचारता आले पाहिजेत. हेल्मरच्या घरात त्या पेटीची किल्ली एकाच व्यक्तीच्या खिशात होती. हे नाटक वर्गात शिकविताना त्या दाराच्या आवाजाबरोबरच या किल्लीकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे.