'नाही' म्हणणारी किशोरी

देवघरात ज्ञानेश्वरी आणि माजघरातल्या फळीवर 'चंद्रकांता', असे चित्र धार-देवासकडच्या पुष्कळ मराठी घरांतून वाचकांनी पाहिले असेल. आमच्या घरी ते होते. पुवारांच्या पाठोपाठ माळव्यात आलेल्या आम्हा मंडळींचे घरातले बोलणे मराठी, बाजारातले माळवी आणि शाळेतले हिंदी. माझी आई मराठी चौथी शिकलेली. तिला हिंदी वाचायची गोडी लावली ती काशीच्या देवकीनंदन खत्रींनी.

गेल्या उन्हाळी सुटीत 'चंद्रकांता संतती'चे चोवीसही भाग मी प्रथमच क्रमाने वाचून संपविले. शेवटचे पान मिटताना चुटपुट लागली, पण नायिकेविषयी मन एकमत होईना.

1888 च्या 'चंद्रकांते'त नौगढचा वीरेंद्रसिंह आणि विजयगढची चंद्रकांता यांची प्रेमकथा आहे. 'संतती'त त्यांच्या मुलांची कथा येते. थोरला इंद्रजितसिंह ज्या किशोरीवर प्रेम करतो, ती शिवदत्ताची, म्हणजे घराण्याच्या वैऱ्याची मुलगी. भोवती तळघरे, भुयारे, बेशुद्धीची औषधे, खोटे मृत्यू, आणि तिलिस्म, म्हणजे यंत्रांनी व कोड्यांनी बांधलेले खजिन्याचे चक्रव्यूह. वेषांतर करणारे अय्यार तर पानोपानी. प्रेमकथा खरी, पण सगळी काळोखातली.

या काळोखात किशोरी करते काय? ती पळविली जाते. सुटते, पुन्हा पळविली जाते. मी भाग वाचून बाजूला ठेवी आणि माझी मुलगी तो उचली. सहाव्या-सातव्या भागाशी ती म्हणाली, "बाबा, हिला सारखं कोणीतरी उचलूनच नेतं. ही स्वतः काही करते की नाही?"

तिचा कल कमलिनीकडे. तळ्यामधल्या घरात राहणारी, तिलिस्मी खंजीर बाळगणारी ही स्त्री स्वतः डाव रचते, राजकुमारांना संकटातून सोडविते आणि भूतनाथासारख्या बेरकी माणसाकडूनही कामे करून घेते. नवऱ्याला कोंडून तो मेल्याची हूल उठविणाऱ्या मायाराणीची बहीण म्हणून वावरत असूनही ती न्यायाच्या बाजूने उभी राहते. त्या काळच्या कादंबरीत अशी स्त्री रंगविणे ही साधी गोष्ट नव्हे. मीही मुलीच्याच पक्षाला मिळालो होतो.

मग आईचे बोलणे आठवले. दुपारची कामे आटोपली की ती वाचीत बसे. मी एकदा किशोरीला रडूबाई म्हणालो, तेव्हा ती म्हणाली होती, "रडते, पण हो म्हणते का ती?"

या एका प्रश्नाने मला पुस्तक मागे चाळायला लावले. रोहतासगढात किशोरी कैदेत आहे. तिथला राजकुमार कल्याणसिंह तिच्याशी लग्न करू पाहतो. किल्ला त्याचा, पहारे त्याचे. किशोरीपाशी ना खंजीर ना अय्यारी. आहे तो फक्त नकार, आणि तो ती सोडीत नाही. हल्ली 'डार्क रोमान्स' नावाच्या कादंबऱ्यांच्या मालिका मुली मोबाइलवर वाचतात. त्यांतल्या कित्येकींत पळवून नेणाराच पुढे नायक ठरतो आणि कैदेचेच प्रेम होते. खत्रींनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही लबाडी केली नाही. त्यांच्या लेखी कोंडणारा तो कोंडणाराच.

आम्ही नालछ्याचे लोक मांडवगडच्या वाटेवर राहतो. रूपमतीचा मंडप पाहायला निघालेल्या गाड्या आमच्या गावातून जातात. 1561 मध्ये बाजबहादूर हरला, आदमखानाने रूपमतीची मागणी केली आणि तिने विष घेतले, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. नकार देणारी स्त्री आपल्याला पूज्य वाटते, पण ती मेल्यावर. किशोरी नकार देते आणि जगते, हे मला खत्रींचे मोठे देणे वाटते.

तरीही मन पुरते निवत नाही. शेवटी इंद्रजितसिंहाचे लग्न किशोरीशी होते आणि कमलिनीशीही. जिने त्याला सोडविले, ती दुसरी राणी होऊन रनिवासात जाते. खंजीर चालविणारी आणि नकार देणारी, दोघींना लेखकाने एकाच माळेत ओवून टाकले. राजघराण्यांत बहुपत्नीत्व रूढ होते, हे खरे. पण चोवीस भागांत एवढी कुलपे उघडणाऱ्या लेखकाला हे एक कुलूप उघडता आले नाही, ही माझी तक्रार आहे.

पुढे खत्रींनी 'भूतनाथ' हाती घेतली. 1913 मध्ये ते वारले आणि ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली. ती मी अजून उघडलेली नाही. मुलीने मात्र 'संतती' संपविली. किशोरीविषयी आता काय वाटते, असे विचारले, तर म्हणाली, "आजीचं बरोबर होतं. पण तिला एक खंजीर द्यायला हवा होता."

आई असती तर तिने यावर मान डोलावली असती.