जनुक बंद झाले, प्रथिनाचे काय?

बारावीला जनुकांचे नियमन शिकवताना लॅक ओपेरॉनला पर्याय नाही. दुधातली शर्करा, म्हणजे लॅक्टोज, मिळत असेल तर ई. कोलाय हा जीवाणू ती फोडणारे विकर तयार करतो. ती संपली की रिप्रेसर नावाचे प्रथिन डीएनएला चिकटून बसते आणि जनुकांचे काम थांबते. याकोब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडलेली ही कल्पना जीवशास्त्रातल्या मोठ्या कल्पनांपैकी एक आहे. ती पाठ्यपुस्तकात असलीच पाहिजे. तक्रार आहे ती ही गोष्ट जेथे संपवली जाते त्याबद्दल.

एनसीईआरटीचे बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक घ्या. वैद्यकीय प्रवेश परीक्षेमुळे आपल्याकडचे विद्यार्थीही ते वाचतात. जनुकाची अभिव्यक्ती म्हणजे पॉलिपेप्टाइड तयार होणे, असे धरून तेथे दृश्यकेंद्रकी पेशींतील नियमनाचे चार टप्पे सांगितले आहेत : प्रतिलेखन, आरएनएवरील प्रक्रिया, त्याची केंद्रकाबाहेर वाहतूक आणि भाषांतरण. आदिकेंद्रकी पेशींत प्रतिलेखनाच्या सुरुवातीवरचे नियंत्रण सर्वांत महत्त्वाचे, असेही म्हटले आहे. यातले एकही विधान चूक म्हणता येणार नाही. पण हे सगळे टप्पे प्रथिन तयार होईपर्यंतचे आहेत. तयार झालेल्या प्रथिनाचे पुढे काय होते, हा प्रश्न यादीतच नाही. त्यामुळे जनुक बंद झाले की त्याचा परिणामही थांबला, असा विद्यार्थ्याचा समज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि लॅक ओपेरॉनच्या उदाहरणाने तो दूर होत नाही, उलट पक्का होतो.

याचे कारण असे. लॅक्टोज फोडणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर फार टिकाऊ आहे. हॉगनेस, कोन आणि स्वतः मोनो यांनी १९५५ साली गंधकाचा किरणोत्सारी समस्थानिक वापरून दाखवले, की वाढत्या ई. कोलायमध्ये हे विकर जवळजवळ मोडतच नाही. मग जनुक बंद झाल्यावर त्याचे प्रमाण कमी होते कसे? पेशी वाढते, दुभंगते आणि जुना साठा लेकींमध्ये वाटला जातो. शर्करा फोडणारे विकर तासभर जास्त राहिले म्हणून जीवाणूचे काही बिघडत नाही, त्यामुळे येथे ही संथ रीत चालून जाते. मात्र या प्रयोगातून जीवाणूंची प्रथिने एकंदरीतच टिकाऊ असतात असा अर्थ काढला गेला, आणि प्रथिनांच्या विघटनाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले.

आता जेथे दिरंगाई चालत नाही असे उदाहरण पाहू. ई. कोलायवर अतिनील किरण पडले की त्याच्या डीएनएला इजा होते. अशा वेळी दुरुस्ती होईपर्यंत पेशीने दुभंगणे धोक्याचे असते. म्हणून सुल-ए नावाचे एक प्रथिन झपाट्याने तयार होते. पेशीच्या मधोमध दुभंगण्यासाठी जे कडे उभे राहते, ते हे प्रथिन उभेच राहू देत नाही. एरवी सुल-एचे जनुक लेक्स-ए या रिप्रेसरने बंद ठेवलेले असते. लॅक ओपेरॉनमधला रिप्रेसर डीएनएवरून नुसता बाजूला होतो, लेक्स-एचे मात्र दोन तुकडे होतात. म्हणजे येथे जनुक चालू होते तेच एका प्रथिनाच्या मोडण्याने.

दुरुस्ती पूर्ण झाली की लेक्स-ए पुन्हा साठते आणि सुल-एचे जनुक बंद होते. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने गोष्ट येथे संपली. पण आधी तयार झालेले सुल-ए पेशीत आहेच, आणि ते आहे तोवर पेशी दुभंगू शकत नाही. वाटणी होऊन ते विरळ होईल म्हणावे, तर वाटणीलाच त्याने अडवून धरले आहे. ही कोंडी लॉन नावाचा प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारा विकर, फोडतो. तो सुल-ए इतक्या वेगाने मोडतो की त्याचे अर्धायुष्य जेमतेम मिनिटभराचे असते. लॉन नसलेल्या जीवाणूंत हेच प्रथिन कितीतरी जास्त वेळ टिकते. अशा जीवाणूंवर अतिनील किरणांचा मारा केला, तर ते न दुभंगता नुसते लांब लांब धाग्यांसारखे वाढतात आणि बरेचसे मरतात. या लांबपणावरूनच जनुकाला ‘लॉन’ हे नाव मिळाले.

निसर्गात याचा नमुना आधीच होता. ई. कोलायच्या ‘बी’ वाणात लॉन मुळातच नसतो. एव्हलिन विटकिन यांनी १९४६ साली या वाणाचा अतिनील किरणांना टिकून राहणारा एक उत्परिवर्ती प्रकार प्रसिद्ध केला. पुढे कळले की त्यात लॉन परत आलेला नव्हता, सुल-एच निकामी झाले होते. तोडणारा नसेल तर अडवणाराही नको, एवढाच त्याचा अर्थ.

या उदाहरणाचे मोल असे, की लॉन असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पेशींत जनुक चालू-बंद करणारी यंत्रणा शाबूत आहे. फरक आहे तो फक्त मोडण्यात, आणि तेवढ्यावर जगणे-मरणे ठरते. मग विघटनाला नियमनातून वगळायचे कशाच्या आधारावर?

यावर उत्तर येते की विघटन म्हणजे पेशीची साफसफाई, जुनी-मोडकी प्रथिने काढून टाकण्याचे काम. लोकप्रिय विज्ञानलेखनातही ही ‘केरकचऱ्याची’ उपमा सर्रास आढळते. ती निम्मी खरी आहे. बिघडलेली प्रथिने मोडली जातात हे खरे, पण सुल-ए काही बिघडलेले नसते. ते धडधाकट असते, म्हणून तर त्याला हटवावे लागते. गोड्या पाण्यातल्या कॉलोबॅक्टर या जीवाणूतही हेच दिसते. त्याच्या पोहणाऱ्या पेशीत सीटीआर-ए हे प्रथिन डीएनएची प्रत काढण्याचे काम रोखून धरते. पेशी देठ काढून एका जागी स्थिरावू लागली की हे प्रथिन निष्क्रिय केले जाते आणि मोडलेही जाते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी सतत सक्रिय राहणारे आणि मोडताही न येणारे सीटीआर-ए पेशीत घातले, तेव्हा पेशीचे चक्र तेथेच अडकले. दोहोंपैकी एकच बदल केला तर पेशी निभावून नेते. म्हणजे जीवाणूने या एका जागी दोन कुलपे लावली आहेत, आणि त्यातले एक विघटनाचे आहे.

दुसरा आक्षेप विद्यार्थीच घेतील. पोटातले पेप्सिन आणि ट्रिप्सिन एटीपी न वापरता प्रथिने फोडतात, मग पेशीत तोडण्यासाठी ऊर्जा कशाला? प्रश्न उत्तम आहे. पेप्टाइड बंध तोडायला एटीपी लागत नाही, ऊर्जा लागते ती निवड करायला. ट्रिप्सिन मोकळे सोडले तर पेशीचा फडशा पडेल. म्हणून क्लिप-पी या प्रोटिएजमध्ये चौदा घटकांचे पिंप बनते आणि तोडणाऱ्या जागा त्याच्या आत, अरुंद तोंडामागे लपलेल्या असतात. घडी घातलेले प्रथिन त्या तोंडातून जात नाही. दारावर क्लिप-एक्स हे सहा घटकांचे कडे बसते. ते ठरावीक खूण असलेले प्रथिन पकडते, एटीपी खर्चून त्याची घडी उलगडते आणि ते आत ढकलते.

हा पहारा उठवला तर काय होते, याचा पुरावा औषधशास्त्रात आहे. एडीईपी या गटातली प्रतिजैविके क्लिप-पीचे तोंड उघडे करतात, मग खूण नसलेली प्रथिनेही आत ओढली जातात आणि जीवाणू मरतो. ही यंत्रणा २००५ साली उघड झाली. क्षयाच्या जीवाणूला तर क्लिप-पीवाचून जगताच येत नाही, म्हणून त्याच्यावरच्या नव्या औषधांचा शोधही या दिशेने चालू आहे.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात ही भर नको, असे शिक्षक म्हणतील. पण नवे प्रकरण नकोच. लॅक ओपेरॉन शिकवून झाल्यावर फळ्यावर एक हिशेब मांडावा. दोन प्रथिने आहेत, प्रत्येकाचे पेशीत १००० रेणू. पहिल्याचे अर्धायुष्य १ मिनिट. दुसरे मोडत नाही, २० मिनिटांनी पेशी दुभंगते तेव्हाच निम्मे होते. दोघांची जनुके एकाच क्षणी बंद केली. दहा मिनिटांनी काय दिसेल? पहिले दहा वेळा निम्मे झाले, जेमतेम एक रेणू उरेल. दुसऱ्याचे हजारच्या हजार रेणू जागेवर असतील, फार तर पेशी वाढल्यामुळे थोडे विरळ झालेले. मग विचारावे, पहिल्या प्रथिनाची पातळी १००० वर टिकवायला किती खर्च येतो? त्यासाठी मिनिटाला सुमारे ७०० रेणू नव्याने घडवावे लागतात, दुसऱ्याला सुमारे ३५ पुरतात. तत्परतेची किंमत वीसपट. कोणत्या प्रथिनासाठी पेशीने ती मोजावी आणि कोणत्यासाठी नाही, यावर वर्गात चर्चा घडवावी. शर्करा फोडणारे विकर एका बाजूला आणि सुल-ए दुसऱ्या बाजूला का पडतात, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

आणि पुस्तकातल्या चार टप्प्यांखाली वहीत पाचवा लिहून घ्यायला सांगावे : तयार झालेल्या प्रथिनाचे विघटन.