पुरस्कृत ई-प्रशासनाची कसोटी : ‘ज्ञानदूत’ प्रकल्पाच्या निमित्ताने

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ हा ग्रामीण संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी त्याला सार्वजनिक सेवा व लोकशाही या गटातील ‘स्टॉकहोम चॅलेंज’ पुरस्कार लाभला. आरंभ आणि आंतरराष्ट्रीय गौरव यांत जेमतेम काही महिन्यांचे अंतर असावे, ही गोष्ट त्या वेळी अभिमानाची मानली गेली. चिकित्सक दृष्टीने पाहता नेमकी तीच गोष्ट खटकते.

प्रकल्पाची कल्पना मौलिक होती, याविषयी दुमत असू नये. एकेकाळी पवारांचे संस्थान असलेल्या या आदिवासीबहुल जिल्ह्यात गावोगावी ‘सूचनालये’ उघडण्यात आली. ती चालविणारा ‘सूचक’ हा पगारी सेवक नव्हता. सेवाशुल्कावर त्याचे उत्पन्न अवलंबून होते. बाजार समितीतील भाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, जात-उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज, तक्रारी अशी कामे तेथे होत. तालुक्याचा एक हेलपाटा वाचणे म्हणजे एका दिवसाची मजुरी वाचणे, हे ज्याने ओळखले त्याची दृष्टी निश्चितच लोकाभिमुख म्हणावी लागेल.

परंतु अर्ज संगणकावरून गेला तरी दाखल्यावरील सही तहसील कचेरीतच व्हायची. खिडकी नवी आणि तिच्यामागचे दफ्तर जुनेच, अशी ही स्थिती होती. सिमोने चेक्किनी व मोनिका रैना यांच्या अभ्यासात सूचनालयांचा वापर अल्प असून अतिगरीब वर्ग त्यांच्यापासून बहुतांशी दूरच राहिल्याचे दिसून आले. वीज आणि दूरध्वनीची अनिश्चितता ही कारणे होतीच. तथापि ती पुरस्काराच्या वर्षीही होती. परीक्षकांपुढे आला तो संकल्पनेचा आराखडा. वापराचा हिशेब तयार होण्याइतका काळ लोटलाच नव्हता.

याउलट कर्नाटकातील ‘भूमी’ प्रकल्पाचे यश संगणकापेक्षा एका प्रशासकीय निर्णयात अधिक आहे. सुमारे २ कोटी भूमी-अभिलेख संगणकावर आणल्यानंतर हस्तलिखित उताऱ्यांची वैधताच रद्द करण्यात आली. १५ रुपयांत तालुक्याच्या केंद्रावर उतारा मिळू लागला आणि ग्रामलेखापालाची मक्तेदारी संपली. अर्थात हे यशही निर्विवाद नाही. सॉलोमन बेंजामिन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असा आक्षेप घेतला की, नोंदींच्या केंद्रीकरणाचा लाभ बंगळूरच्या परिसरातील बड्या जमीन-खरेदीदारांना झाला. हा आक्षेप पूर्णतः मान्य करण्याची गरज नाही; मात्र लाभार्थी कोण, हा प्रश्न पुरस्काराच्या निकषांत क्वचितच उमटतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आपल्याकडे राष्ट्रीय ई-प्रशासन पुरस्कार २००३ पासून दिले जातात. अशा पुरस्कारांसाठी प्रस्ताव बहुधा संबंधित खातेच सादर करते, म्हणजे गुणवर्णन करणारा आणि गुणवान एकच. पुढे अधिकाऱ्याची बदली होते, सन्मानचिन्ह भिंतीवर राहते आणि पाच वर्षांनी तेच केंद्र उघडे आहे की नाही, हे पाहण्यास कोणी फिरकत नाही. या तुलनेत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अधिक रोखठोक आहे. त्यात सेवेची मुदत अधिसूचित करावी लागते, अपिलाची वाट खुली असते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूद आहे. पुरस्काराच्या प्रस्तावास या अपिलांची नोंदवही जोडणे सक्तीचे केल्यास किती खाती अर्ज करतील, हे पाहण्यासारखे ठरेल.