निदान आणि कारण

महाराष्ट्रात शेतकऱ्याने आत्महत्या केली की ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जाते. नापिकी, कर्जाची परतफेड न होणे आणि वसुलीचा तगादा या चौकटीत मृत्यू बसला, तर तो ‘पात्र’. नाही बसला, तर ‘अपात्र’. २००५-०६पासून चालत आलेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. तेव्हापासून ‘पात्र-अपात्र’ हे शब्द इथल्या गावांत सातबारा आणि फेरफार या शब्दांइतकेच परिचयाचे झाले आहेत.

या चौकटीत मनाला जागा नाही. मृत माणूस काही महिने झोपत नव्हता, बोलत नव्हता, त्याला डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या, असे कागदावर आले, तर कर्ज खरे असूनही प्रश्न उभा राहू शकतो : हा कर्जाने मेला की आजाराने? मनोविकारशास्त्रावरचा अविश्वास आपण बहुधा पुस्तकांतून वाचतो. विदर्भात त्याला असा रोकडा आधार आहे. एखाद्या दुःखाला वैद्यकीय नाव मिळाले की त्या दुःखाची जबाबदारी बाजार, बँक, सरकार यांच्याकडून सरकून माणसाच्या मेंदूवर येते, ही भीती इथे निराधार म्हणता येत नाही.

तरीही हा अविश्वास नेमका कशावर असावा, हे तपासले पाहिजे. मनोविकारशास्त्राचे समर्थक आणि विरोधक बहुतेक वेळा एकच चूक करतात. निदान म्हणजे कारण, असे दोघेही धरून चालतात.

या गोंधळाला आपल्या भाषेचाही थोडा हातभार आहे. आयुर्वेदाच्या ‘निदानपंचका’त निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशा पाच पायऱ्या येतात. त्यातल्या ‘निदान’ या पहिल्या पायरीचा अर्थच मुळी हेतू, म्हणजे रोगाचे कारण. आधुनिक वैद्यकासाठी आपण हाच शब्द घेतला, पण अर्थ बदलून : रोग ओळखणे, त्याला नाव देणे. क्षयाच्या बाबतीत दोन्ही अर्थ जुळून येतात, कारण थुंकीत जंतू सापडतो. नैराश्याच्या बाबतीत ते जुळत नाहीत. तिथे नाव मिळते, कारण मिळत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र शब्दाचा जुना अर्थ शिल्लक राहतो आणि ‘डिप्रेशन होते म्हणून जीव दिला’ हे वाक्य उत्तरासारखे ऐकू येते.

अमेरिकी मनोविकार संघटनेची जी नियमावली जगभर प्रमाण मानली जाते, तिच्या १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीने कारणांविषयी मौन पाळायचे असे जाणूनबुजून ठरवले. नऊ लक्षणांपैकी पाच लक्षणे दोन आठवडे दिसली, आणि त्यांत उदासी किंवा गोडी नाहीशी होणे यांपैकी एक असले, की तीव्र नैराश्य. ती का दिसली, हा प्रश्न व्याख्येच्या बाहेर ठेवला गेला. अपवाद होता तो जवळच्या माणसाच्या मृत्यूचा. त्या शोकाला काही काळ आजार म्हणायचे नाही, अशी सूट होती. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत तीही काढली गेली. शोकातही माणूस इतका खचू शकतो की त्याला मदत लागते, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो चुकीचा नव्हता. पण वर्ध्यातून पाहणाऱ्याला वेगळीच गोष्ट जाणवते : हातचे पीक जाण्याचे दुःख त्या अपवादाच्या यादीत कधीच नव्हते.

हीच अडचण प्रश्नावल्यांत येते. नैराश्य चाळून काढण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झाली. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही. मात्र ती विचारते : झोप लागत नाही का? थकवा येतो का? रब्बीत रात्रीची वीज येते म्हणून हरभऱ्याला ओलीत करायला उठणारा, रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक राखायला जागलीला जाणारा शेतकरी या प्रश्नांना ‘होय, जवळजवळ रोजच’ असे उत्तर देईल. उत्तर खरे असेल, पण त्याचा अर्थ विचारणाऱ्याला कळेलच असे नाही. तो कळण्यासाठी शेजारी बसावे लागते आणि प्रश्नावलीचा मुख्य फायदा तर हाच सांगितला जातो की तिला फार वेळ लागत नाही.

वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे तर एक गोष्ट अभिमानाने नोंदवावी अशी आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतून या विषयावर दोन अंगांनी काम झाले. मनोविकार विभागाचे डॉ. प्रकाश बेहेरे यांनी २००८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त शेतकरी आत्महत्यांवर लिहिले, आणि पुढे २०१६ मध्ये डॉ. भिसे यांच्यासह ‘मानसिक शवविच्छेदन’ पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षांत मनोविकार आहे, पण तो एकटा नाही. कर्ज, नापिकी, घरातले ताण आणि शारीरिक आजार त्याच्या शेजारी आहेत. दुसरीकडे सामुदायिक वैद्यक विभागाच्या डॉ. डोंगरे आणि डॉ. देशमुख यांनी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनाच विचारले की ही माणसे जीव का देतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात शेतकऱ्यांनी दिलेली कारणे आहेत : कर्ज, व्यसन, निसर्ग, शेतमालाचा पडलेला भाव, ताण आणि कुटुंबाच्या जबाबदाऱ्या, सरकारी अनास्था, सिंचनाचा अभाव, सावकार.

ही यादी नीट वाचण्यासारखी आहे. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातले शेतकरी कर्जाच्या पाठोपाठ व्यसनाचे नाव घेतात. ‘ताण’ हा शब्दही ते स्वतःहून वापरतात. शेतकऱ्याला फक्त भाव हवा आहे, मनाच्या गप्पा शहरी लोकांच्या आहेत, असे म्हणणाऱ्या चळवळीतल्या मित्रांनी हे लक्षात घ्यायला हवे. आणि व्यसन, ताण एवढेच उचलून समुपदेशनाचे कार्यक्रम आखणाऱ्यांनी यादीतली उरलेली कारणे वाचायला हवीत.

मानसिक शवविच्छेदन या पद्धतीवर एक आक्षेप मात्र घेतला पाहिजे. यात मृताच्या नातेवाइकांना विचारून त्याची मनःस्थिती मागाहून उभी केली जाते. पण ज्या घरात पात्र-अपात्रतेची टांगती तलवार आहे किंवा होती, तिथली विधवा ‘ते आधीपासून खचले होते’ असे मोकळेपणाने सांगेल का? आणि घरच्यांना दोष लागू नये म्हणून दुसरे एखादे घर सगळा भार कर्जावरच टाकणार नाही का? संशोधक कितीही प्रामाणिक असला, तरी सरकारी अर्ज त्याच्या आधी त्या घरात पोचलेला असतो.

आता औषधांकडे येऊ. नैराश्य म्हणजे मेंदूत सिरोटोनिन कमी होणे, हे स्पष्टीकरण दवाखान्यांपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत पोचले आहे. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले की त्याला सातत्यपूर्ण पुरावा नाही. त्यावर ‘म्हणजे गोळ्या थोतांड’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो आढाव्यातून निघत नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, पाचशेहून अधिक चाचण्यांच्या विश्लेषणात अभ्यासलेली सर्व २१ नैराश्यरोधके पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली होती, फरक मोठा नव्हता, पण होता. फवारणीने बोंडअळी मरते म्हणून बोंडअळी फवारणीच्या कमतरतेमुळे आली, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. आणि अळीचे कारण वेगळे आहे म्हणून फवारणीचा काहीच परिणाम होत नाही, असेही म्हणणार नाही. गोळीच्या गुणाने कारण सिद्ध होत नाही आणि कारण न सापडल्याने गोळीचा गुण खोटा ठरत नाही.

अविश्वास खरा हवा तो गोळी देण्याच्या रीतीबद्दल. नैराश्यरोधकाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, ते एकदम थांबवले तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होऊ शकतात, झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे रुग्णाला आरंभीच सांगायला हवे. जिथे दवाखान्याची एक खेप म्हणजे मजुरीचा एक दिवस, तिथे पुढची खेप चुकणार हे डॉक्टरने गृहीत धरायला हवे. गोळी कधी आणि कशी कमी करायची हे न सांगता ती सुरू करणे म्हणजे अर्धवट उपचार होय.

मनोविकारशास्त्राचा पूर्ण नकार हा मार्ग थॉमस झाझ यांनी १९६१ मध्ये दाखवला : मानसिक आजार ही एक दंतकथा आहे, असे त्यांचे म्हणणे. १९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहान यांनी ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला, की खोटी लक्षणे सांगणारी निरोगी माणसे मनोरुग्णालयात दाखल करून घेतली गेली. तो आजही पुरावा म्हणून सांगितला जातो. पण २०१९ मध्ये सुझाना कॅहलन यांनी त्याच्या मूळ नोंदी तपासून त्याच्या सचोटीवरच गंभीर शंका घेतल्या आहेत. शंका घेणाऱ्याने आपल्या आवडत्या पुराव्यावरही ती घ्यावी लागते.

शिवाय आपल्याकडे नकाराची किंमत वेगळी आहे. झाझ यांच्या देशात मनोविकारतज्ज्ञाला नकार देणारा माणूस घरी जाऊ शकत होता. इथे तो अनेकदा मांत्रिकाकडे जातो. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसे जळून मेली. त्यांना तिथे कोणत्याही नियमावलीने बांधले नव्हते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषध वेळेवर मिळणे आणि न मिळणे यांत एका आयुष्याचे अंतर असू शकते. ते ज्या घरांनी भोगले, त्यांना ‘आजार ही समाजाची निर्मिती आहे’ असे ऐकवणे क्रूरपणाचे आहे.

महाराष्ट्रात याहून विचारी टीका झाली आहे. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट स्थापन केला. वर्ध्याच्या वाचकासाठी सांगायला हवे, की हे ‘बापू’ गांधीजी नव्हेत. ते दावर यांच्या आईचे नाव. सक्तीचे उपचार आणि कोंडून ठेवणे यांना त्यांनी विरोध केला, पण त्रासातल्या माणसाला वस्तीतच आधार मिळावा यासाठी काम उभे केले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मिळाला, साखळीने बांधण्यावर बंदी आली आणि राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही असे स्पष्ट झाले. मनोविकारशास्त्राच्या टीकाकारांनी अनेक वर्षे लावून धरलेल्या मागण्या अशा कायद्यात उतरल्या.

शंका घेऊनही नाकारायचे नाही, ही रीत वर्ध्याला नवी नाही. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे त्यांच्याच आश्रमाच्या आधाराने सेवाग्रामचे रुग्णालय वाढले आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तिथे वैद्यकीय महाविद्यालय आले. गांधीजींचा आक्षेप डॉक्टर माणसाला परावलंबी करतो, यावर होता.

त्याच कसोटीवर आजचे कार्यक्रम पाहावेत. शासनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ वर्ध्यासह १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांमार्फत शेतकऱ्यांच्या घरी पोचला. १०४ हा क्रमांक आला, आणि २०२२पासून ‘टेलिमानस’चा १४४१६. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, हे ध्यानात ठेवूनही हा आकडा बोलका आहे. गावात ऐकणारे माणूस मिळाले तर लोक बोलतात. पण त्यातून कापसाचा भाव वाढत नाही, आणि वाढेल असा आवही कोणी आणू नये. दुसरीकडे श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ नंतर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. त्यासाठी कोणाच्याही मनाचे निदान करावे लागले नाही. म्हणून समुपदेशक, गोळी, कीटकनाशकांचे नियमन आणि शेतमालाचा भाव यांपैकी एकाच्या नावाखाली दुसरे टाळले जाते तेव्हा बोट तिथे ठेवायला हवे.

समितीपुढच्या त्या कागदाची दुरुस्तीही या चर्चेतूनच निघते. कर्ज होते आणि माणूस खचलाही होता, ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात, बहुधा असतातच. एखाद्याने हयातीत उपचार घेतले, ही नोंद त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाविरुद्ध वापरली जाणार नाही, असे शासनाने नियमात स्पष्ट लिहावे. तसे लिहिले जाईपर्यंत डॉक्टरकडे जाताना कचरणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि तसे लिहिले गेल्यावर, उपचार घेऊ नकोस असे त्याला सांगण्याचाही नाही.